न उचललेला हात : अमेरिकेतल्या ध्वजवंदन-सक्तीचं प्रकरण, १९३५ ते १९४३

पेनसिल्व्हेनिया राज्यातलं माइनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचं गाव. वस्ती बहुतांश कॅथलिक. तिथल्या सरकारी शाळेत रोज सकाळी मुलं उभी राहायची, उजवा हात ताठ करून झेंड्याच्या दिशेने धरायची आणि प्रतिज्ञा म्हणायची. २२ ऑक्टोबर १९३५ रोजी पाचवीतल्या विल्यम गोबायटस या दहा वर्षांच्या मुलाने हात उचलला नाही. बाईंनी त्याचा हात धरून वर करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने खिसा घट्ट पकडून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची बारा वर्षांची बहीण लिलियन हिनेही तेच केलं. ती सातवीत होती, वर्गाची अध्यक्ष होती.

विल्यमने शाळा मंडळाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मूर्ती करू नका, तिच्यापुढे वाकू नका, ही बायबलमधली आज्ञा त्यात उतरवली. माझं देशावर प्रेम नाही म्हणून मी वंदन करत नाही असं नाही, देशावर प्रेम आहेच, पण देवावर जास्त आहे, असं सांगून खाली 'आपला विद्यार्थी' म्हणून सही केली. ६ नोव्हेंबरला मंडळाची बैठक झाली. वंदन सक्तीचं आहे असा लेखी नियम तोवर नव्हताच. मंडळाने तो त्या बैठकीत केला आणि दोन्ही मुलांना त्याच बैठकीत शाळेतून काढून टाकलं.

इथून सुरू झालेलं प्रकरण आठ वर्षं चाललं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात आधी एक निकाल दिला आणि तीनच वर्षांनी तो स्वतःच फिरवला. धर्मस्वातंत्र्यावरच्या चर्चेत दुसऱ्या निकालातली वाक्यं सारखी उद्धृत होतात. मला जास्त महत्त्वाची वाटतात ती मधली तीन वर्षं. न्यायालयाने एका अल्पसंख्य पंथाबद्दल शाळेपुरतं एक मत दिलं आणि रस्त्यावरच्या माणसांनी त्याचं काय केलं, हे त्या तीन वर्षांत उघडं दिसतं.

हे लोक कोण होते

गोबायटस कुटुंब यहोवाचे साक्षीदार या पंथाचं. वडील कॅथलिक घरात वाढलेले, गावात किराणा दुकान चालवायचे, १९३१च्या सुमारास या पंथात आले. साक्षीदारांची प्रतिमा तेव्हा गरीब बिचाऱ्या अल्पसंख्याकांची मुळीच नव्हती. घरोघर जाऊन दार ठोठावायचं, रस्त्यात माणसाला थांबवून प्रचार करायचा, इतर सगळे चर्च सैतानाच्या ताब्यात आहेत असं सांगायचं, ही त्यांची रीत. 'धर्म हा सापळा आहे, धंदा आहे' असे फलक घेऊन ते मिरवणुका काढत. सैन्यात जायला त्यांचा नकार असे. महायुद्ध दाराशी आलेलं असताना असा पंथ शेजाऱ्यांना काय वाटला असेल, याची कल्पना करायला कष्ट पडत नाहीत. त्या काळच्या सरळमार्गी अमेरिकन माणसाच्या नजरेत धार्मिक अतिरेकी म्हणजे हेच.

वंदनाला नकार देण्याचं कारण मात्र विचार करण्यासारखं आहे. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्येच साक्षीदारांवर बंदी आली. हात ताठ करून 'हाइल हिटलर' म्हणायला त्यांनी नकार दिला, म्हणून हजारो जण छळछावण्यांत गेले. त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. आणि अमेरिकेतल्या शाळांत तेव्हा जो ध्वजवंदनाचा हात होता, तो दिसायला जवळपास तसाच होता. १९३५मध्ये पंथाचे अध्यक्ष जोसेफ रदरफर्ड यांनी जर्मन साक्षीदारांच्या नकाराचं कौतुक केलं आणि अमेरिकन मुलांनी ते ऐकलं.

चौदा दिवसांत दोन निकाल

वडिलांनी दाद मागितली. १९३८मध्ये जिल्हा न्यायाधीश आल्बर्ट मॅरिस यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, १९३९मध्ये वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला. मग शाळा मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच सुमारास साक्षीदारांचं आणखी एक प्रकरण होतं. न्यू हेवन शहरातल्या कॅथलिक वस्तीत एका साक्षीदाराने दोन कॅथलिक माणसांना रस्त्यात थांबवून, त्यांची परवानगी घेऊन, कॅथलिक चर्चला शिव्या घालणारी ध्वनिमुद्रिका ऐकवली होती. ते दोघे इतके भडकले की हात उगारायच्या बेतात होते. 'निघ इथून' म्हटल्यावर तो निघून गेला. त्याला शांतताभंगाखाली शिक्षा झाली होती. २० मे १९४० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली आणि धर्माचरणाच्या स्वातंत्र्याची घटनात्मक हमी राज्यांवरही बंधनकारक आहे, असं प्रथमच सांगितलं.

त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, ३ जूनला, माइनर्सव्हिलचा निकाल लागला. आठ विरुद्ध एक, मुलांच्या विरोधात. दुसऱ्याच्या धर्माला भर रस्त्यात शिव्या देणाऱ्या प्रौढाला संरक्षण मिळालं. वर्गात गप्प उभ्या राहणाऱ्या मुलांना मिळालं नाही. कायद्याच्या नजरेतून यात फरक दाखवता येतो, पण मला तो कधी पटलेला नाही.

निकाल लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. हा माणूस कोणी कडवा राष्ट्रवादी असता तर प्रकरण सोपं झालं असतं. ते व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, बारा वर्षांचे असताना इंग्रजीचा गंध नसताना न्यूयॉर्कला आलेले. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या संस्थापकांपैकी एक. सॅको आणि व्हॅन्झेटी या देहदंड झालेल्या इटालियन स्थलांतरितांसाठी त्यांनी उघडपणे लेखणी उचलली होती. सरकारी शाळेने परक्या मुलाला अमेरिकन केलं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यामुळे झेंडा हे राष्ट्राच्या एकतेचं प्रतीक आहे आणि राष्ट्रीय एकता हा राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे, हे ते मनापासून लिहीत होते. त्या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी चाललं होतं आणि फ्रान्स कोसळायच्या बेतात होता.

त्यांचा दुसरा मुद्दा न्यायाधीशांच्या मर्यादेचा होता. आधीच्या दशकांत याच न्यायालयाने कामगारहिताचे कायदे एकामागून एक रद्द केले होते आणि फ्रँकफर्टर तेव्हा त्याविरुद्ध भांडले होते. निवडून आलेल्या मंडळींनी घेतलेला निर्णय न्यायाधीशांनी आपल्या मर्जीने मोडू नये, चुकीचा असेल तर लोकांना पटवून बदलून घ्यावा, ही त्यांची निष्ठा होती. चांगलं तत्त्व आहे. पण ज्या गावात दहातले नऊ जण आपल्याला देशद्रोही समजतात, तिथे गोबायटस कुटुंबाने पटवायचं कोणाला?

एकट्या न्यायाधीश हार्लन स्टोन यांनी हेच विचारलं. विरोधी मत सहसा नुसतं नोंदवलं जातं. त्यांनी ते न्यायालयात वाचून दाखवलं. अगदी छोट्या अल्पसंख्य गटांचं स्वातंत्र्य अशा रीतीने बहुमताच्या मर्जीवर सोपवणं म्हणजे घटनेचं संरक्षणच सोडून देणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

निकालानंतरचा जून

फ्रँकफर्टर यांच्या निकालात साक्षीदार देशद्रोही आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट त्यांच्या श्रद्धेबद्दल आदराची भाषा आहे. पण निकालपत्र वाचतं कोण? दक्षिणेतल्या एका गावात साक्षीदारांना हुसकावून लावलं जात असताना एका पत्रकाराने तिथल्या शेरीफला, म्हणजे स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला, कारण विचारलं. तो म्हणाला, हे लोक देशद्रोही आहेत, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, ऐकलं नाही का तुम्ही?

९ जूनला मेन राज्यातल्या केनेबंक गावात साक्षीदारांच्या प्रार्थनागृहावर दगडफेक झाली, आतून गोळी झाडली गेली, माणसं जखमी झाली. मग सुमारे अडीच हजारांच्या जमावाने ते प्रार्थनागृह पेटवून दिलं. आतून गोळी सुटली होती, हे सांगायलाच हवं. १६ जूनला इलिनॉयमधल्या लिचफिल्ड गावात जमाव इतका बेभान झाला की साठेक साक्षीदारांचा जीव वाचवायला पोलिसांनी त्यांना तुरुंगात कोंडलं. त्याच दिवशी सॉलिसिटर जनरल फ्रान्सिस बिडल रेडिओवरून देशाशी बोलले. नाझींची रीत उचलून नाझींना हरवता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही शांततेचं आवाहन केलं. माइनर्सव्हिलमध्ये गोबायटस यांच्या दुकानावर जमाव येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा पोलिसप्रमुखाने आपली गाडी दुकानासमोर आणून उभी केली. या सगळ्या हकिगतीत सरकारी माणसाने नुसतं आपलं काम केलं आणि तेवढं पुरलं, असं हे एक ठिकाण.

वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुड गावात नेमकं उलटं झालं. २९ जूनला काही साक्षीदार संरक्षण मागायला महापौरांच्या कार्यालयात गेले. तिथे डेप्युटी शेरीफ मार्टिन कॅटलेट आणि गावचा पोलिसप्रमुख यांनी त्यांना अडकवून ठेवलं. कॅटलेटने अंगावरचा बिल्ला काढून ठेवला आणि जाहीर केलं की इथून पुढे जे होईल ते कायद्याच्या नावाने होणार नाही. मग साक्षीदारांना बळजबरीने एरंडेल तेल पाजलं, दोरीने एकत्र बांधलं, झेंड्यासमोर उभं करून वंदन करायला सांगितलं आणि जमावातून चालवत गावाबाहेर नेऊन सोडलं. एरंडेल पाजणं ही मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्ट टोळ्यांची आवडती शिक्षा. रिचवुडच्या देशभक्तांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

१९४२मध्ये कॅटलेटवर फेडरल न्यायालयात खटला चालला आणि तो दोषी ठरला. बिल्ला काढला म्हणजे मी अधिकारी राहिलो नाही, हा त्याचा बचाव अपील न्यायालयाने जानेवारी १९४३मध्ये कडक शब्दांत धुडकावला. सरकारी अधिकाराची झूल अशी वाटेल तेव्हा उतरवून ठेवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. या प्रकरणातला हा सगळ्यात कमी चर्चिला जाणारा निकाल आहे, आणि माझ्या मते फार मोलाचा. जमावाच्या हिंसेत वर्दी नुसती बाजूला उभी राहिली तरी पुरेसं असतं. इथे एका वर्दीला शिक्षा झाली.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने केलेल्या मोजदादीनुसार १९४०च्या त्या काही महिन्यांत ३३५ गावाशहरांत सुमारे १,५०० साक्षीदारांवर हल्ले झाले. शाळांतून काढलेल्या मुलांची संख्या १९४३पर्यंत दोन हजारांवर गेली. लिलियन आणि विल्यम शेतावरच्या एका घरात पंथानेच भरवलेल्या शाळेत शिकत होते.

न्यायालय माघार घेतं

९ जानेवारी १९४२ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला महिना होतो ना होतो तोच, वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने ध्वजवंदन सक्तीचं केलं. ठरावातली भाषा फ्रँकफर्टर यांच्या निकालातूनच उचललेली होती. नियम क्रूर होता तो त्याच्या रचनेत. वंदन न करणाऱ्या मुलाला शाळेतून काढायचं. काढलं की ते 'बेकायदा गैरहजर' ठरणार. गैरहजर म्हणून ते बालगुन्हेगार ठरू शकणार आणि आईबापांना ५० डॉलरपर्यंत दंड व ३० दिवसांपर्यंत कैद. म्हणजे शाळेने दार लावून घ्यायचं आणि मूल आत का नाही म्हणून शिक्षा घरच्यांना करायची. हात ताठ करायची पद्धत हिटलरच्या सलामीसारखी दिसते, अशी हरकत पालक-शिक्षक संघ, बॉय स्काउट आणि रेडक्रॉस यांनी घेतली, तेव्हा मंडळाने हाताची ढब थोडी बदलली. साक्षीदारांसाठी मात्र काहीच बदललं नाही. (त्या वर्षअखेर अमेरिकी संसदेने ती सलामी सगळीकडूनच काढून हात छातीवर ठेवायची पद्धत आणली.)

चार्ल्स्टनजवळच्या एका छोट्या शाळेतून बार्नेट कुटुंबातल्या मेरी आणि गॅथी या बहिणींना घरी पाठवलं गेलं. त्यांच्या वतीने प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे आलं. खालच्या न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाळायचा असतो. पण न्यायाधीश जॉन पार्कर यांनी हिशोब मांडला: तो निकाल देणाऱ्यांपैकी सात जण अजून पदावर आहेत, आणि त्यातल्या चौघांनी तो चुकीचा असल्याचं जाहीरपणे म्हटलंय. ते खरंच होतं. स्टोन पहिल्यापासून विरोधात होतेच. ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तिघांनी जून १९४२मध्ये साक्षीदारांच्याच दुसऱ्या एका खटल्यात, गरज नसताना, आपली चूक कबूल केली होती. पार्कर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ जून १९४३ रोजी आला. अमेरिकेत हा ध्वजदिन असतो. सहा विरुद्ध तीन. आधीचा निकाल रद्द. लिहिणारे रॉबर्ट जॅक्सन, पुढे न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालवणारे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य साधारण असं: आपल्या घटनेच्या नभांगणात एखादा अढळ तारा असेल तर तो हा, की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या कोणत्याही बाबतीत अधिकृत काय हे कोणताही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही आणि ते शब्दाने वा कृतीने कबूल करायला नागरिकाला भाग पाडू शकत नाही. सक्तीने मतं एक करायला गेलं तर हाती लागते ती कबरस्तानातली एकवाक्यता, असंही ते लिहितात. काही हक्क मतदानाला टाकायचेच नसतात, हे त्यांनी फ्रँकफर्टर यांना दिलेलं थेट उत्तर.

फ्रँकफर्टर बदलले नाहीत. इतिहासात सर्वांत जास्त छळल्या गेलेल्या अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या माणसाला घटनेने दिलेल्या स्वातंत्र्याची किंमत माहीत असतेच, अशी सुरुवात करून त्यांनी विरोधी मत लिहिलं, आणि तरीही न्यायाधीशाने आपलं मत राज्यावर लादू नये असं ठासून सांगितलं. त्या पानांत वेदना आहे आणि प्रामाणिकपणाही. ते चुकीचे होते असंच मला वाटतं.

जॅक्सन यांनी एक गोष्ट मुद्दाम केली, जिच्याकडे दुर्लक्ष होतं. त्यांनी निकाल धर्मस्वातंत्र्यावर उभा केला नाही, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर केला. साक्षीदारांना त्यांच्या श्रद्धेखातर सूट द्यायची की नाही, हा प्रश्नच त्यांनी बाजूला सारला. मनात नसलेलं तोंडाने वदवून घ्यायचा अधिकार सरकारला आहे का, एवढंच विचारलं. उत्तर नाही असेल, तर ते आस्तिक, नास्तिक, सगळ्यांसाठी नाही. १९५४मध्ये अमेरिकी संसदेने प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला, तेव्हा याचं मोल कळलं. १९३५ची मुलं देवाखातर गप्प राहिली होती. १९५४नंतर देव मानत नाही म्हणून कोणी गप्प राहू लागलं. दोघांनाही तोच निकाल पुरला. तो पंथापुरती सवलत म्हणून दिला असता तर पुरला नसता.

भारतातले धागे

फ्रँकफर्टर यांचा भारतीय घटनेशी थेट संबंध आला. १९४७च्या अखेरीस घटना-सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत त्यांना भेटले. न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देऊ नका, हाच सल्ला त्यांनी रावांना दिला, आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' (योग्य कायदेशीर प्रक्रिया) हे अमेरिकी धाटणीचे शब्द गळाले. १३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी यातली अडचण दोन्ही बाजूंनी मांडली: पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ हक्क चिरडू शकतं, आणि मोजक्या न्यायाधीशांच्या व्यक्तिगत मतावर कायदे तपासणंही सोपं नाही. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपवला.

जॅक्सन यांचा निकाल आला तो केरळमार्गे. १९८५मध्ये किडंगूर इथल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. तीही साक्षीदारच. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, फक्त गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. निकालपत्रात दोन्ही अमेरिकन निकालांची चर्चा आहे, आणि शेवटी म्हटलंय की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, घटना सहिष्णुता आचरते. ती पातळ करू नका. २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाला शालेय प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही असं ठरवलं. इतकं होऊनही २०१५मध्ये कुर्ल्याच्या चित्रपटगृहातून राष्ट्रगीताला उभं न राहिलेल्या एका कुटुंबाला इतर प्रेक्षकांनी बाहेर काढलं आणि टाळ्या वाजवल्या. तिथे ना शाळा मंडळ होतं, ना शेरीफ.

आज अमेरिकेत

१९४३चा निकाल आजही कायम आहे, पण त्याला एक चीर आहे. फ्लोरिडात प्रतिज्ञा न म्हणण्यासाठी विद्यार्थ्याला पालकांची लेखी संमती लागते. एका सतरा वर्षांच्या अकरावीतल्या विद्यार्थ्याने याला आव्हान दिलं. २००८मध्ये फेडरल अपील न्यायालयाने प्रतिज्ञा न म्हणणाऱ्यांना उभं राहायला लावणारा भाग रद्द केला, पण पालकांच्या संमतीची अट राखली. मुलाचं वळण ठरवायचा हक्क पालकांचा आहे, हे कारण. टेक्सासमध्येही अशीच पद्धत आहे.

गोबायटस आणि बार्नेट मुलांचे आईबाप त्यांच्या बाजूने होते, त्यामुळे हा प्रश्न तेव्हा उठलाच नाही. आईबाप झेंड्याच्या बाजूचे आणि मूल एकटंच गप्प, असं असेल तर जॅक्सन यांचा अढळ तारा कोणासाठी आहे, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने अजून दिलेलं नाही. ते मुलाच्या बाजूने द्यावं असं मला वाटतं. विल्यमच्या पत्रावर सही त्याची स्वतःची होती.